परक्या भाटातले दुकान

मे महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जो कोणी फेरफटका मारील त्याला पुरुमेंताची लगबग आजही पाहावयास मिळेल. सुक्या मिरचीचे ढीग, सोले, चिंच, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे! पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची ही जुनी चाल, रस्ते सुधारले आणि दुकाने बारमाही झाली तरी, गोमंतकीय गृहिणीने टाकलेली नाही. परंतु या जुन्या बाजारात अलीकडे एक नवी गोष्ट डोळ्यांत भरू लागली आहे. सोलांच्या किंवा मिरचीच्या पिशवीवर कागदाची लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर विक्रेतीचे नाव, फोनचा क्रमांक आणि इन्स्टाग्रामवरील खात्याचे नाव छापलेले असते. चिठ्ठी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तयार केलेली आहे हे तिच्या रंगांवरूनच कळते. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या चिठ्ठीत एका मोठ्या स्थित्यंतराची खूण आहे, असे आम्ही मानतो. आजवर जिचा माल टोपलीत मावेल तेवढा आणि जिचे गिऱ्हाईक बाजाराच्या वाटेने येईल तेवढे, ती बाई आता मुंबई-पुण्याच्या आणि बेळगाव-बंगळूरच्या स्वयंपाकघरांपर्यंत हात पोहोचवू पाहत आहे.

या धडपडीकडे हौस म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील कित्येक घरांतील कर्त्या पुरुषाचे उत्पन्न एका रात्रीत आटले. २०२० साली महामारीने पर्यटनाचा धंदा बंद पाडला आणि किनाऱ्यावरच्या घरांनीही तोच अनुभव घेतला. त्या दिवसांत घरातल्या बाईने केलेल्या लोणच्याच्या, खतखत्याच्या मसाल्याच्या, सोलांच्या आगळाच्या विक्रीवर ज्यांनी मुलांचे शुल्क भरले अशी घरे आम्हांला ठाऊक आहेत. तेव्हा हा छोटा ऑनलाइन धंदा टिकावा कसा आणि वाढावा कसा, हा प्रश्न चुलीशी निगडित आहे. त्याची चर्चा मात्र आपल्याकडे फार उथळपणे होते, ही आमची तक्रार आहे.

हल्ली ठिकठिकाणी बचत गटांच्या भगिनींसाठी शिबिरे भरतात. तेथे व्याख्याते येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात आणि सांगतात की रोज एक रील काढा. पैसे भरून ती अधिक लोकांपुढे ढकला. सणासुदीला सूट जाहीर करा. पाहणाऱ्यांची संख्या वाढवा. यांतले काहीच खोटे नाही. परंतु हा सारा उपदेश चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. नवे गिऱ्हाईक कसे मिळवावे यावर तीन तास बोलले जाते आणि एकदा आलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येते किंवा का येत नाही, यावर तीन मिनिटेही खर्ची पडत नाहीत. आमच्या मते छोट्या धंद्याचे सारे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, अर्धा किलो सोलांची किंमत तीनशे रुपये ठेवली. माल आणि मेहनत मिळून एकशे सत्तर, पिशवी व खोका वीस, टपाल किंवा कुरियरचे पन्नास. म्हणजे हाती राहिले साठ रुपये. हाच माल एखाद्या बड्या ऑनलाइन पेठेतून विकला आणि त्या पेठेने किमतीचा पाचवा हिस्सा कापून घेतला, तर ते साठही गेले. बाईने केवळ हमाली केली. पेठ टाळली आणि स्वतः हजार रुपयांची जाहिरात दिली. तीतून दहा नवी गिऱ्हाइके आली असे धरू. प्रत्येक गिऱ्हाईक शंभर रुपयांना पडले. पहिल्या विक्रीत साठ मिळाले, शंभर गेले, चाळीस रुपयांचा तोटा झाला. त्यावर सणाची दहा टक्के सूट दिली की तोटा सत्तरवर गेला. विक्री मात्र झाली, अभिनंदनाचे संदेशही आले! अशा वाढीने कित्येक धंदे दोन वर्षांत निजधामास गेले, आणि ते गेले तेव्हा त्यांच्या खात्यावर पाहणाऱ्यांची संख्या काही हजारांत होती.

आता तेच गिऱ्हाईक वर्षभरात आणखी तीन वेळा आले आणि तेही जाहिरातीवाचून आले, असे धरा. चार खेपांचे दोनशे चाळीस रुपये, वजा जाहिरातीचे शंभर. एकशे चाळीस रुपये शिल्लक. शिवाय दुसऱ्या खेपेला सोलांबरोबर त्याने पाव किलो मिरचीही मागवली तर टपालाचा खर्च थोडकाच वाढतो आणि नफा बराच. म्हणजे जाहिरात स्वस्त की महाग हे जाहिरातीवरून ठरतच नाही; पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकावरून ठरते. ज्या भगिनीच्या वहीत मागील वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी किती या वर्षी परत आली याची नोंद नाही, तिने जाहिरातीवर एक पैसाही खर्च करू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. आधी वही, मग रील.

गिऱ्हाईक परत यावे यासाठी काय करावे, याचा धडा घेण्यास परदेशी व्यवस्थापनशास्त्राची पोथी उघडण्याची आवश्यकता नाही. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगराचे गुण छापून ही समजूत गेली नाही. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चालताना पाहिला तेव्हा ती गेली. पुढे किर्लोस्करवाडी वसल्यावर १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहानसे पत्रक सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, हा त्याचा हेतू. परंतु संपादकाला लवकरच उमगले की नुसती मालाची स्तुती कोणी वाचत नाही. वाचकाला उपयोगी पडेल, रंजक वाटेल असा मजकूर दिला तर तो पत्रकाची वाट पाहतो, आणि मग मालाची वार्ताही वाचतो. त्या पत्रकातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले आणि त्यामागोमाग ‘स्त्री’ व ‘मनोहर’ही आली, हे आमच्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. आज ज्या युक्तीला मोठमोठी नावे देऊन शिकवणीचे शुल्क आकारले जाते, ती आपल्या शेजारच्या माळरानावर शंभर वर्षांपूर्वी वापरली गेली होती.

सोले विकणाऱ्या भगिनीने मासिक काढावे असे आम्ही सुचवीत नाही. तथापि गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असे तिच्याजवळ पुष्कळ असते आणि ते सांगण्यासारखे आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. या वर्षी भिरंडे लवकर पिकली की उशिरा, अवकाळी पावसाने सोले वाळवताना काय त्रास झाला, जुन्या सोलांचा रंग काळपटतो तो दोष की गुण, मिरची पावसाळ्यात बुरसू नये म्हणून डब्यात कशी ठेवावी, आगळाला मीठ किती: एवढ्या गोष्टी महिन्यातून एकदा चार ओळींत लिहून पाठवल्या तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला आपण दुकानातून नव्हे, ओळखीच्या घरून माल घेतो असे वाटेल. रोज सकाळी फुलांचे चित्र आणि सुप्रभात पाठवणाऱ्यांनी मात्र आपला क्रमांक किती जणांनी बंद करून ठेवला आहे याची चौकशी करावी.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. व्हॉट्सॲपची धंदेवाईकांसाठीची वेगळी सोय २०१८ सालापासून उपलब्ध आहे. तीत मालाची यादी चित्रांसह लावता येते, आणि एकाच वेळी यादीतील अनेकांस संदेश पाठवता येतो. पण तो संदेश ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन करून ठेवला आहे त्यालाच पोहोचतो. आम्हांला ही अट फार अर्थपूर्ण वाटते. गिऱ्हाइकाने आपले नाव आपल्या वहीत लिहून घेतले तरच आपला आवाज त्याच्या कानी जाईल, असा हा सौदा आहे. म्हणून पहिला माल पोहोचल्यावर ‘आमचा क्रमांक जतन करून ठेवा, पुढच्या हंगामाची वार्ता देऊ’ अशी विनंती करणारी एक ओळ माल पाठवणाऱ्या प्रत्येकीने खोक्यात घालावी. तिचे मोल पैसे भरून पुढे ढकललेल्या रीलपेक्षा अधिक आहे.

आता आम्ही ज्या मुद्द्याकडे वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो त्याकडे वळतो. ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाईक कोणाचे?

गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न समजावून देण्यास आमच्या मातीतला दाखला पुरेसा आहे. भाटकाराच्या भाटात मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्याने घर शाकारले, अंगणात तुळस लावली, माडांना पाणी घातले. पण जमीन भाटकाराची. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराच्या डोक्यावरचे छप्पर हलू लागे. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा कोठे त्याच्या पायाखालच्या जमिनीला थोडे स्थैर्य लाभले. आज जी भगिनी आपला सारा धंदा एखाद्या बड्या ऑनलाइन पेठेवर किंवा एकाच समाजमाध्यमाच्या खात्यावर थाटून बसली आहे, ती या नव्या भाटकाराची मुंडकार आहे. पेठेवर गिऱ्हाईक माल मागवते तेव्हा पुन्हा पुन्हा संपर्क साधावा असे त्याचे नाव-गाव विक्रेत्याच्या पदरात पडत नाही. ते पेठेच्या वहीत राहते. उद्या पेठेने कापून घ्यायचा हिस्सा वाढवला, शोधयादीत तुमचा माल पाचव्या पानावर ढकलला, किंवा त्याच मालाची आपलीच पुडकी विकण्यास काढली, तर गाऱ्हाणे कोठे मांडावयाचे? येथे मामलेदाराची कचेरी नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांविषयी आम्हांला काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्यांनी आपला सारा गिऱ्हाइकवर्ग त्या एकाच अंगणात जमवला होता त्यांचे अंगण एका रात्रीत नाहीसे झाले, ही वस्तुस्थिती आहे. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली. तिन्ही एकाच मालकाची, हे पुष्कळांना त्या रात्री प्रथमच कळले.

म्हणून पेठांवर बहिष्कार टाकावा काय? मुळीच नाही. आपल्याकडे जत्रेत दुकान लावण्याची रीत आहे. शिरगावच्या, म्हार्दोळच्या किंवा फातर्प्याच्या जत्रेत खाजेकार दुकान मांडतो, भरपूर विकतो, चार नव्या माणसांना आपल्या हाताची चव दाखवतो आणि जत्रा संपली की घरी परततो. जत्रेत तो घर बांधत नाही. बड्या पेठांकडे याच दृष्टीने पाहावे. नवे गिऱ्हाईक तेथे भेटू द्यावे, पण पिशवीवर आपले नाव ठळक असावे, माल असा असावा की पिशवी फेकण्यापूर्वी त्याने ते नाव वाचावे. आपली वही मात्र आपल्या घरी असावी: गिऱ्हाइकाचे नाव, गाव, काय घेतले, केव्हा घेतले, तक्रार कोणती केली. त्यासाठी संगणकही नको. शाळेतली दोनशे पानी वही पुरते. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणास देऊ नये, हे सांगण्याची वेळ यावी याचे आम्हांला वाईट वाटते, परंतु ती आली आहे.

पहिली गिऱ्हाइके कोठे शोधावीत, याविषयी शिबिरांतून जे सांगितले जाते तेही आम्हांला पटत नाही. साऱ्या देशाला एकदम ओरडून सांगण्याची ऐपत छोट्या धंद्यात नसते. त्याने ओळखीच्या उंबरठ्यापासून सुरुवात करावी, आणि गोव्याइतके दूरचे ओळखीचे उंबरठे फार थोड्या प्रदेशांना लाभले असतील. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी येथील देवस्थानांचे कुळावी मुंबई, पुणे, कारवार, बेळगाव येथे आणि समुद्रापलीकडेही पसरले आहेत. कुलदेवतेच्या दर्शनाला आलेला माणूस परतताना खाजे, सोले, काजू घेतल्यावाचून जात नाही. ज्या वर्षी त्याला येणे जमत नाही त्या वर्षी हेच जिन्नस घरपोच आले तर त्याला ते हवेच असतात. नोकरीनिमित्त बाहेर गेलेला गोमंतकीय, सासरी गेलेली लेक, चतुर्थीला रजा न मिळालेला मुलगा: ही मंडळी जाहिरातीने मिळवावयाची नाहीत. ती आपलीच आहेत. त्यांना फक्त कळवावयाचे आहे, आणि वेळेवर कळवावयाचे आहे. चतुर्थी तोंडावर आली असता माल सुटला तर तो अनंत चतुर्दशीनंतर पोहोचतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनी पाठवण्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करण्याची शिस्त लावून घ्यावी.

विश्वासाच्या संदर्भात गोव्याच्या हाती अलीकडे एक मोठे साधन आले आहे आणि ते वापरण्यात आपण कसूर करीत आहोत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर काणकोणच्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची, पेडण्याची हरमल मिरची, मयंडोळी केळी, खाजे, आणि २०२३ साली मानकुराद आंबा, बेबिंका व गोव्याचा काजू असे एकामागून एक जिन्नस त्या यादीत आले. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे छापून आली, सत्कार झाले. परंतु मानांकन नोंदले जाते ते उत्पादकांच्या संस्थेच्या नावावर. एखाद्या शेतकऱ्याला किंवा विक्रेतीला ते आपल्या पिशवीवर छापावयाचे तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद किती जणींनी केली आहे? शिबिरात रील शिकवण्याऐवजी या नोंदीचा अर्ज तेथल्या तेथे भरून घेतला तर अधिक उपकार होतील. बाहेरून आणलेला काजूगर गोव्याचा म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारला जातो, ही तक्रार येथील काजू उत्पादकांनीच वेळोवेळी केली आहे. ज्या गिऱ्हाइकाला एकदा असा काजू मिळाला, ते पुढल्या खेपेला खऱ्या काजूवरही विश्वास ठेवीत नाही. एका लबाडाने मिळवलेल्या नफ्याची किंमत शंभर प्रामाणिक विक्रेते मोजतात.

खोटेपणाची दुसरी तऱ्हा ऑनलाइन धंद्याने नव्यानेच आणली आहे. आपल्या मालाची स्तुती आपणच दुसऱ्या नावाने लिहावयाची. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास स्पष्ट मनाई केली आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दहा गोड अभिप्रायांत एक कडू असला आणि त्याला विक्रेतीने नम्रपणे उत्तर देऊन माल बदलून दिला असला, तर वाचणाऱ्याचा विश्वास त्या एकावर बसतो.

मालाचा सारखेपणा हाही असाच दुर्लक्षित विषय. गेल्या खेपेला आलेली सोले मऊ आणि या खेपेची कोरडी, असे झाले की गिऱ्हाईक कारण विचारीत बसत नाही. निमूटपणे निघून जाते. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला, त्या लिज्जतचा विस्तार कशावर झाला? पीठ संस्थेने एकाच मापाने भिजवावयाचे, लाटणे ज्याच्या त्याच्या घरी, आणि परत आलेला माल तपासून मगच स्वीकारावयाचा. हात हजारो, चव एक. आपल्याकडील बचत गटांत दहा भगिनी दहा प्रकारचे मसाले करतात आणि एकाच नावाने विकतात. त्याऐवजी एकच मसाला दहाजणींनी एका मापाने केला तर नाव टिकेल. पिशवीवर वजन, बांधणीचा महिना, किंमत, तक्रारीसाठी क्रमांक आणि अन्न परवान्याचा आकडा असावा, हे कायदाही सांगतो. अनेकजणी ते छापण्याचे टाळतात आणि मग शहरातील गिऱ्हाईक का बिचकते याचे आश्चर्य करतात.

येथवर जे लिहिले ते विक्रेतीने करावयाचे. पण सर्व भार तिच्याच माथी टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. कारण तिच्या वाटेत एक भिंत सरकारने उभी केली आहे आणि ती गोव्याला इतरांहून अधिक जाचते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा देश ही एकच बाजारपेठ झाली, असा उद्घोष झाला. राज्यांच्या सीमांवरचे बहुतेक करनाके उठलेही. ज्याची केवळ मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे अशा गोव्यातील व्यापाऱ्यास नोंदणीची सक्ती नाही, ही सवलतही मिळाली. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकावयाचा तर उलाढाल कितीही अल्प असो, नोंदणी आवश्यक. हस्तव्यवसायाच्या काही वस्तूंपुरतीच काय ती सूट. ऑनलाइन पेठांवर विकणाऱ्यांना तर पूर्वी सरसकटच नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना ही अट शिथिल झाली, पण ती आपल्याच राज्यात माल विकण्यापुरती. छोट्या व्यापाऱ्यांसाठी ठोक दराने कर भरण्याची जी सोपी योजना आहे, तीतही राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. म्हणजे वर्षाला दोन-तीन लाखांची सोले व मिरची विकणाऱ्या बाईने पुण्याला पार्सल पाठवावयाचे तर तिने मोठ्या व्यापाऱ्याप्रमाणे नोंदणी करावी, विवरणपत्रे भरावीत, विक्री न झालेल्या मुदतीतही कोरे विवरणपत्र भरावे, आणि या सर्वासाठी कर सल्लागाराला मेहनताना द्यावा. वरच्या हिशेबातले साठ रुपये आठवा.

कर ज्या राज्यात माल वापरला जातो त्या राज्याला मिळावा, हे या नियमामागील तत्त्व आहे आणि तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटींच्या घरात. कणकवलीची भगिनी ‘राज्यातल्या राज्यात’ मुंबई, पुणे, नागपूर या साऱ्या शहरांना नोंदणीवाचून माल पाठवू शकते; हुबळीची भगिनी बंगळूरला पाठवू शकते. आमच्या काणकोणच्या भगिनीचे राज्य मात्र पोळ्याला सुरू होऊन पत्रादेवीला संपते. सवलत कागदावर सर्वांना सारखी; प्रत्यक्षात ती राज्याच्या आकारमानाने मोजून दिलेली. लहान राज्य असणे हा गुन्हा नव्हे, पण येथे त्याचा दंड वसूल होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या ५६ व्या बैठकीत वस्तू व सेवा कर मंडळाने ऑनलाइन पेठांवरून अनेक राज्यांत विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सुलभ नोंदणीच्या कल्पनेला तत्त्वतः मान्यता दिली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या लहान व्यापाऱ्यांना तीन दिवसांत नोंदणी देण्याची सोय केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु नोंदणी लवकर मिळणे वेगळे आणि नोंदणीची गरजच नसणे वेगळे. गोव्याने मागावयाचे ते दुसरे. ज्याची एकूण उलाढाल, समजा, दहा लाखांच्या आत आहे अशा घरगुती उत्पादकास राज्याबाहेर घरगुती ग्राहकाला माल विकण्यास नोंदणीतून सूट द्यावी. हस्तव्यवसायाच्या वस्तूंना अशी सूट आधीच आहे; हाताने वाळवलेल्या सोलांना ती का नसावी, याचे समर्पक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

मंडळात ही मागणी रेटण्यास गोव्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, उरलेले दोन-तृतीयांश सर्व राज्यांत समान वाटलेले. उत्तर प्रदेशाच्या मताला जेवढे वजन तेवढेच गोव्याच्या. ईशान्येकडील छोटी राज्ये आणि पुदुच्चेरी यांचीही हीच अडचण असल्याने सोबतही मिळण्याजोगी आहे. आमच्या अर्थखात्याने एवढाच एक विषय घेऊन पुढील बैठकीला जावे, आणि जाण्यापूर्वी राज्यातील बचत गटांकडून राज्याबाहेरच्या किती मागण्या या एका कारणाने नाकाराव्या लागल्या याची माहिती गोळा करावी. ती आजवर कोणी गोळा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

दोडामार्गच्या नाक्याजवळ गोव्याच्या हद्दीत राहणारी एखादी बाई आज नियमाने काणकोणातल्या अनोळखी घरी मिरची पाठवू शकते. नाक्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर तिच्या बहिणीचे सासर आहे. तेथली शेजारीण फोनवरून अर्धा किलोची मागणी नोंदवते, तेव्हा तिला आधी कर सल्लागाराकडे जावे लागते.